चतुर नव्हे, इरसाल!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या पुरवणीत जगभरच्या लोककथांमधल्या ट्रिकस्टर मंडळींवर (म्हणजे खोड्या काढणारी, फसवाफसवी करणारी पात्रं) पानभर लेख आला, तो वाचला आणि आधीच सांगून टाकते की आवडला, कारण अनान्सी, कायोटी, लोकी, एशू ही सगळी गँग मराठी पेपरात एका पानावर भेटणं म्हणजे दुर्मिळच. पण वाचून झाल्यावर काहीतरी टोचत राहिलं. मग परत वाचला. तेव्हा लक्षात आलं की अख्ख्या लेखात ट्रिकस्टरला "चतुर नायक" म्हटलंय, बिरबल आणि लोकी एकाच पंगतीला बसवलेत आणि खाली चौकटीत तात्पर्यसुद्धा दिलंय, की बुद्धी ही शक्तीपेक्षा श्रेष्ठ. त्यात काल बघते तर वाचकांच्या पत्रांत कुणीतरी लिहिलंय की असल्या लबाडांच्या गोष्टी मुलांना सांगूच नयेत, खोटं बोलून जिंकता येतं हेच मुलं शिकतील. म्हणजे एकाने यांना पार शहाणं करून टाकलं आणि दुसऱ्याने व्हिलन. मला तर वाटतं दोघांनीही गोष्टी शेवटपर्यंत ऐकलेल्या नाहीत.

कारण शेवटपर्यंत ऐकलं तर हे लोक किती मूर्ख आहेत ते कळतं!

अनान्सीच घ्या. घानातल्या अकान लोकांचा कोळी, कधी कोळी असतो कधी माणूस. लेखात त्याची ती फेमस गोष्ट दिलीये, जगातल्या सगळ्या गोष्टी न्यामे या आकाशदेवाच्या मालकीच्या होत्या, अनान्सीने त्या विकत मागितल्या, देवाने किंमत सांगितली की अजगर, बिबट्या, गांधीलमाश्या आणि एक वनपरी आणून दे, आणि याने चौघांनाही पकडून आणलं. बरोबर आहे. अजगराला म्हणाला तू या फांदीपेक्षा लांब की आखूड यावरून आमच्यात वाद चाललाय, जरा शेजारी आडवा हो बघू, आणि तो आडवा झाल्याबरोबर वेलीने करकचून बांधला. पण रॅट्रे नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने अशांती (अकानांपैकीच) लोकांकडून ऐकून १९३० साली जे व्हर्जन छापलं त्यात या आयडिया बऱ्याचशा अनान्सीच्या नाहीतच हो, त्याच्या बायकोच्या आहेत. आसो तिचं नाव. हा घरी येऊन म्हणतो अजगर पकडायचाय, ती म्हणते जा फांदी तोडून आण, वेल आण. गांधीलमाश्यांच्या वेळी पोकळ भोपळ्यात पाणी भरून घे हेही तिनेच सांगितलं, बिबट्याच्या वेळी तर ती खड्डा म्हणेपर्यंत हा म्हणतो कळलं कळलं पुढचं. आणि सगळं क्रेडिट कुणाला, तर याला. आपल्या लेखात आसोचं नावही नाही, म्हणजे अनान्सीने जे केलं तेच आपल्या लेखकाने केलं असं म्हणायचं (रागावू नका, गंमत करतेय). आणि अजून एक गोष्ट गाळलीये ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. देवाने मागितलं नसताना अनान्सी त्या किमतीवर स्वतःच्या म्हाताऱ्या आईलाही बोनस म्हणून देऊन टाकतो. आता याला चतुर कसं म्हणायचं सांगा, हा काय हुशारीचा नमुना झाला?

दुसरी गोष्ट तर लेखात नव्हतीच. अनान्सी एकदा जगातलं सगळं शहाणपण गोळा करून एका मडक्यात भरतो, की आता माझ्याशिवाय शहाणा कुणी नाही, आणि ते मडकं उंच झाडावर लपवायला निघतो. मडकं बांधलंय पोटावर. मग चढता येईना, हात खोडाला पोचेनात, घसरतोय, परत चढतोय, परत घसरतोय. खाली त्याचा मुलगा न्तिकुमा उभा असतो, तो म्हणतो बाबा, पाठीवर बांधा ना. झालं! सगळं शहाणपण मडक्यात असताना हे एवढंसं पोराकडे कुठून उरलं, असं होऊन चिडून तो मडकं सोडून देतो, ते फुटतं आणि शहाणपण जगभर सांडतं, ज्याला जेवढं वेचता आलं तेवढं त्याचं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा" ही म्हण आपल्याकडे आहे ती जणू या कोळ्यावरूनच पडली असावी. बुद्धी श्रेष्ठ वगैरे तात्पर्य या गोष्टीखाली छापून बघा, कसं दिसतं ते.

म्हणून म्हणते शब्दच चुकलाय. चतुर म्हटलं की वाटतं हा माणूस विचार करून बोलतो, शेवटी जिंकतो, आणि आपण त्याच्यासारखं व्हावं. ट्रिकस्टर तसा नसतो. लबाड म्हणावं तर त्यात नुसता वाईटपणा येतो. धूर्तमध्ये थंड डोकं येतं, आणि यांचं डोकं थंड कधीच नसतं, यांना भूक लागलेली असते, हाव सुटलेली असते, नाहीतर नुसतं बोअर होत असतं. खोडकर फारच गोड आहे, बाळकृष्णाला चालेल. मला विचाराल तर इरसाल हा शब्द सगळ्यात जवळ जातो, किंवा बेरकी, पण बेरकी माणूस फसत नाही आणि हे फसतात. इरसाल माणूस मात्र दुसऱ्याला गंडवता गंडवता स्वतःही तोंडावर आपटतो आणि उठून कपडे झटकत परत पुढच्या उद्योगाला लागतो. तर इरसाल घ्या.

कायोटीबद्दल लेखात दोनच ओळी होत्या, याचं वाईट वाटलं. उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी मूलनिवासी जमातींमध्ये कायोटीच्या (तिकडचा कोल्ह्यासारखा रानटी प्राणी) गोष्टी आहेत आणि त्यातली डोळ्यांची गोष्ट तर ठिकठिकाणी सांगतात. काही पक्षी आपले डोळे काढून वर फेकतायत आणि ते परत येऊन खोबणीत बसतायत, हे बघून कायोटीला पण तसंच करायचं असतं. करतो. परत परत करतो, नको म्हटलं तरी करतो, आणि शेवटी डोळे काही परत येत नाहीत. आंधळा! नावाहो लोक सांगतात की मग त्याला झाडाच्या डिंकाचे डोळे बसवले आणि म्हणून कायोटीचे डोळे पिवळे दिसतात. हो-चंक लोकांचा (जुन्या पुस्तकांत विनेबागो म्हणतात) वाक्जुंकागा तर त्याच्याही पुढचा. रानरेड्याचं कातडं सोलताना याचा उजवा हात आणि डावा हात एकमेकांशी भांडायला लागतात, उजव्या हातात सुरी, मग काय, डावा हात रक्तबंबाळ, आणि हा रडतोय की मी असं का केलं. हाच पठ्ठ्या बदकं भाजायला ठेवून झोपतो आणि राखणीला कुणाला बसवतो तर स्वतःच्या पार्श्वभागाला. कोल्हे बदकं खाऊन जातात, मग राखण नीट केली नाही म्हणून त्याला शिक्षा म्हणून हा जळतं लाकूड लावतो, आणि बोंबलतो कोण, तोच. हे सगळं पॉल रॅडिन यांनी १९५६ साली पुस्तकात छापलं तेव्हा मानसशास्त्रवाला कार्ल युंगसुद्धा त्यावर लिहायला बसला, आणि मुलांच्या पुस्तकांतून मात्र हे पहिल्यांदा कापलं जातं. का? मुलं तर याच जागी हसून लोळतात.

एकच युक्ती दोन ठिकाणी कशी वेगळी संपते ते बघा. मलेशिया-इंडोनेशियाकडे सांग कांचिल आहे, पिसोरी हरणाच्या जातीचं इवलंसं जनावर, त्याला नदी ओलांडायची असते. तो मगरींना सांगतो राजाने तुमची मोजणी करायला सांगितलीये, ओळीने उभ्या राहा, आणि एक दोन तीन करत त्यांच्या पाठींवरून उड्या मारत पलीकडे. जिंकला. आणि जपानच्या ७१२ सालच्या कोजिकी या ग्रंथामध्ये एक ससा आहे, इनाबाचा ससा म्हणतात त्याला, तोही बेटावरून किनाऱ्यावर यायला हेच करतो, तुमची जात मोठी की माझी ते मोजू या म्हणतो आणि शार्कच्या पाठींवरून येतो (काही जण तिथे मगरी म्हणतात). पण शेवटची एकच पाठ उरलेली असताना याला राहवत नाही, कसं फसवलं तुम्हाला म्हणतो, आणि शेवटचा शार्क त्याची सगळी लव ओरबाडून काढतो. एक पाऊल हो, एकच पाऊल थांबला असता तर! मला कांचिलपेक्षा हा ससा जास्त आपला वाटतो, कारण आपल्यातले निम्मे लोक त्या शेवटच्या पाठीवरच तोंड उघडतात.

तर बिरबल यात का बसत नाही हे आता कळलं असेल. खरा बिरबल १५८६ साली सरहद्दीवरच्या लढाईत मारला गेला, पण गोष्टींतला बिरबल कधी हरतच नाही. तो दरबारात आहे, बादशहा त्याचा आहे, त्याची अक्कल दुसऱ्यांची चूक दाखवायला आहे, स्वतःच्या पायात कधी येत नाही. हुशार माणसाच्या गोष्टी म्हणून त्या उत्तम आहेतच, पण ते वेगळं खातं. तेनालीरामनला मी अर्धा पाय आत देईन, कारण दर्शन द्यायला आलेल्या हजार तोंडांच्या कालीमातेला बघून हा हसतो की तुला सर्दी झाली तर काय करशील, आणि देवीने दोन प्याल्यांतला एकच निवड सांगितल्यावर दोन्ही पिऊन टाकतो, मग शाप म्हणून विकटकवी होतो, उलटीकडून वाचलं तरी तोच. मुल्ला नसरुद्दीन तर पूर्ण आत. तो शेजाऱ्याला भांडं व्यालं आणि भांडं मेलं असं सांगून गंडवतो तोच, आणि गाढवं मोजताना ज्यावर बसलाय ते मोजायचं विसरतो तोही तोच. तुर्कस्तानात अकशहिरला त्याची कबर दाखवतात, तिला दाराला भलंमोठं कुलूप आहे आणि आजूबाजूला भिंतच नाही. सात देशांनी मिळून त्याच्या गोष्टी सांगण्याची परंपरा २०२२ साली युनेस्कोच्या यादीत घातली, म्हणजे सात जण म्हणतायत आमचा. पंचतंत्रातला निळा कोल्हा पण घ्या, निळीच्या पिंपात पडून राजा झाला आणि बाकीचे कोल्हे ओरडल्यावर याच्याच्याने राहवलं नाही. परत तेच, शेवटच्या पाठीवर तोंड.

उत्तर युरोपातल्या नॉर्स पुराणकथांमधल्या लोकीबद्दल मी जास्त लिहीत नाही, सिनेमांमुळे तो सगळ्यांना माहितीये. फक्त एक. थोरचा तो हातोडा आहे ना, तो लोकीच्या लफड्यातूनच आलाय. लोकीने थोरच्या बायकोचे केस कापले, मग मार वाचवायला कारागीर बुटक्यांकडे गेला, तिथे स्वतःच्या डोक्याची पैज लावली, मग पैज हरू नये म्हणून माशी होऊन काम करणाऱ्या बुटक्याला चावला, आणि म्हणून हातोड्याचा दांडा आखूड राहिला. पैज हरलाच. तर म्हणाला डोकं घ्या पण मानेला हात लावायचा नाही, ती पैजेत नव्हती! शेवटी त्याचे ओठ शिवले. देवांकडचं सगळ्यात भारी शस्त्र कुणाच्या तरी आगाऊपणातून येतं आणि त्यात एक खोट पण राहते, हे मला फार आवडतं. जगाचं तरी काय, तसंच आहे की. नावाहो लोक म्हणतात आकाशात तारे नीट एकेक जागी लावायचं काम चाललं होतं, कायोटीला धीर धरवेना, त्याने उरलेले सगळे उधळून दिले आणि म्हणून आकाश असं विस्कटलेलं. अलास्काकडच्या त्लिंगित लोकांचा रेवन, म्हणजे डोमकावळाच, सूचिपर्णी झाडाचं पान होऊन एका मुलीच्या पाण्यात पडला, तिच्या पोटी जन्मला, आणि आजोबांकडे रडून रडून उजेडाची पेटी खेळायला मागून घेतली आणि धुराड्यातून पळाला. उपकार म्हणून नाही केलं ते, स्वतःची सोय बघत होता. उजेड आपल्याला मिळाला.

माउई मात्र वेगळा रडवतो. पॉलिनेशियातला हा पोरगा, याने सूर्याला दोर टाकून हळू चालायला लावलं, गळ टाकून अख्खं बेट वर ओढलं, न्यूझीलंडच्या उत्तरेकडच्या बेटाला माओरी भाषेत माउईचा मासाच म्हणतात. सगळं जमल्यावर म्हणाला आता मरणालाच फसवतो. मृत्यूची देवी झोपलेली असताना तिच्या शरीरातून आत शिरून पलीकडे निघायचं असा प्लॅन होता, सोबतच्या पक्ष्यांना सांगितलं हसू नका. अर्धा आत गेलेला बघून त्या एवढ्याशा पंखा-शेपटीच्या पक्ष्याला हसू आवरलं नाही. देवी जागी झाली आणि संपलं. आपण मरतो ते त्यामुळे.

आता व्हिलनवाल्या पत्राबद्दल. लेबल लावल्याने काय होतं याचं एक उदाहरण आहे. नायजेरियातल्या योरुबा लोकांचा एशू हा देव आणि माणूस यांच्यामधला निरोप्या, चव्हाट्यावर राहणारा, नैवेद्य वर पोचवणारा. त्याची टोपीची गोष्ट आहे, दोन जिवलग मित्र शेजारी शेजारी शेतं कसतायत, एशू मधून चालत जातो, टोपी एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने पांढरी, आणि दोघं टोपीच्या रंगावरून डोकी फोडतात. खोडी आहेच, पण ती मैत्री किती पोकळ होती तेही दिसतं ना. आता १९व्या शतकात बायबल योरुबामध्ये आणलं तेव्हा, आणि ते काम करणारे बिशप क्राउदर स्वतः योरुबाच होते, डेव्हिलसाठी शब्द हवा म्हणून एशू हाच शब्द घेतला. एका भाषांतराने तो सैतान झाला तो झालाच, आजही योरुबा लोकांना सांगत बसावं लागतं की एशू सैतान नाही. म्हणून "चतुर नायक" काय किंवा "लबाड" काय, शब्द टाकताना जरा जपून.

आणि मुलं बिघडतील का? ज्यांच्या या गोष्टी आहेत त्यांनी याचा विचार आपल्या आधी केलाय. अशांती कथेकरी सुरुवातच अशी करायचे की आम्ही सांगतोय ते खरं आहे असं आमचं म्हणणं नाही, नाही, आणि गोष्टी फक्त अंधार पडल्यावर, दिवसा नाही, आणि त्या वेळेत एरवी ज्यांची थट्टा करायची हिंमत नसायची त्यांचीही करायची मुभा. नावाहो लोकांत कायोटीच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात, साप आणि अस्वलं झोपलेली असताना. टोल्कन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने येलोमन या नावाहो कथेकऱ्याला विचारलं होतं की असल्या गोष्टी मुलांना का सांगता, तर त्याचं म्हणणं साधं होतं, ऐकल्या तर मुलं चांगली होतील आणि नाही ऐकल्या तर वाईट. नेमकं उलटं आहे की नाही आपल्या पत्रलेखकाच्या? कारण कायोटी काय करतो ते बघून मुलं हसतात, आणि हसता हसता काय करू नये ते कळतं, कुणी चौकटीत लिहून द्यावं लागत नाही. याच टोल्कननी पुढे १९९७ साली, येलोमन गेल्यानंतर, वर्षानुवर्षं केलेली त्याची रेकॉर्डिंगं त्याच्या बायकोकडे परत पाठवून दिली, कारण ती कुणीही कुठल्याही ऋतूत ऐकेल हे बरोबर नव्हतं. अभ्यासकाने आयुष्यभराचा माल असा हातातून सोडायचा! मला तर ते वाचून अंगावर काटा आला होता.

आणि एक विसरतच होते. या गोष्टी गुलामांच्या जहाजांतून अटलांटिकपलीकडे गेल्या, जमैकात अनान्सी अनान्सीच राहिला आणि अमेरिकेच्या दक्षिणेत ससा झाला, ब्रेर रॅबिट. वनपरीला पकडायला अनान्सीने चिकाची बाहुली केली होती ना, ती बाहुली बोलत नाही म्हणून परीने थोबाडीत मारली आणि चिकटली. तीच बाहुली तिकडे डांबराची होते आणि तिला चिकटतो कोण, तर ससा, तेही ती उलट नमस्कार करत नाही म्हणून! मग म्हणतो काहीही कर पण मला त्या काटेरी झुडपात फेकू नको, कोल्हा फेकतो, आणि हा तर काट्यातच वाढलेला. ज्या माणसाच्या हातात काहीच नाही, पळायला जागा नाही, मालक म्हणेल ते खरं, त्याने रात्री ही गोष्ट सांगताना काय वाटलं असेल याचा विचार करा आणि मग म्हणा की खोटं बोलायला शिकवतात.

आपल्याकडची म्हातारी पण लेखात हवी होती. लेकीकडे जाऊन लठ्ठमुठ्ठ होऊन येते मग खा म्हणणारी, आणि येताना भोपळ्यात बसून "म्हातारी बितारी मला नाही माहीत" म्हणणारी. जगभर ट्रिकस्टर म्हणजे बहुतेक सगळे बाप्ये, आसोसारखी आयडिया देणारी बाई पडद्यामागे. इथे ही एकटी, म्हातारी, वाघासमोर, थेट खोटं बोलतेय आणि अख्खा महाराष्ट्र तिच्या बाजूने आहे. तिची गोष्ट मुलांना सांगू नये असं लिहायची कुणाची छाती आहे का बघते मी.

तर विनंती एवढीच की पुढचा भाग येणार असेल तर बिरबलाला त्याचं वेगळं पान द्या, आसोचं नाव घाला, कायोटीला दोनापेक्षा जास्त ओळी द्या आणि ती चौकट काढा.

कळावे, लोभ असावा.
आपली एक नियमित वाचक

ता. क. लेखासोबतच्या चित्रात अनान्सीला सहाच पाय काढलेत. कोळ्याला आठ असतात. दोन त्याने कुणाला विकले असतील तर तेवढी गोष्ट पण छापा.